पिकअपच्या क्रोमवर काळा रंग टिकेना. घरीच करायचंय, कुठं चुकलं?

टॉवेलवाला_सोलापूर · 9 एप्रिल, रात्री 10:50

मंडळी नमस्कार. गाडी बोलेरो कॅम्पर, पांढरी, सेकंडहँड. टॉवेल-चादरीचे गठ्ठे घेऊन आठवड्यातून दोनदा हैदराबाद रोडला असतो.

आधीचा मालक हौशी माणूस. त्यानं गाडीचा पार नवरदेव करून ठेवलाय. ग्रिलला क्रोम, आरशांना क्रोमच्या टोप्या, दाराच्या हँडलांवर क्रोम, हेडलाइटभोवती क्रोमची कडी, बॉनेटच्या कडेला चिकटवलेली क्रोमची पट्टी आणि मागचा लोखंडी बंपर, तोही क्रोमचा. सकाळी सातला मुळेगाव ओलांडलं की सूर्य बरोबर समोर येतो आणि बॉनेटची ती पट्टी डोळ्यात सुई घातल्यासारखी चमकते. शिवाय ग्रिलच्या खालच्या दोन पट्ट्यांना फोड आलेत आणि बंपरला गंजाचे ठिपके. म्हटलं, सगळंच मॅट काळं करून टाकू.

पेंटरनं साडेचार हजार सांगितले. मी म्हटलं स्प्रेचा डबा साडेतीनशेला मिळतो, आपल्याला काय हात नाहीत? दुकानातून एनसी थिनर आणलं, फडक्यानं सगळं पुसलं, रविवारी दुपारी बाराला गच्चीवर वर्तमानपत्र पसरून फवारलं. अर्ध्या तासात वाळलं. असं झकास दिसत होतं की शेजारचे दोघं भाव विचारून गेले.

आठ दिवस. नवव्या दिवशी वॉशिंगला लावली, पोरानं पाण्याचा फवारा मारला आणि डाव्या आरशाच्या टोपीवरचा रंग सापाच्या कातेसारखा अख्खा सुटून त्याच्या पायाशी पडला. त्यानं उचलून माझ्या हातात दिला, "मालक, हे तुमचंच का?" म्हणून. हेडलाइटच्या एका कड्याला तर तळं आटल्यावर गाळ फुटतो तशा भेगा पडल्यात, रंगाला नाही, कड्यालाच.

अप्पा (आमचे वडील, चाळीस वर्षं मागावर काढलेली) ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "चांगल्या लक्ष्मीला काळं फासलालास, ती ठेवून घेईल व्हय?"

तर सांगा, क्रोमवर रंग धरतो कसा? रंगाची स्प्रे-गन, कॉम्प्रेसर नाही, डब्यावरच भागवायचंय. आणि आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, बाकी बोअरचं. पाण्यात घासायचं काम असेल तर तेही धरून सांगा.

*

विजापूररोड_रॅप · 9 एप्रिल, रात्री 11:15

रंगाच्या भानगडीतच पडू नका. काळं मॅट व्हिनाइल आणा, हेअर ड्रायरनं गरम करत बसवा. व्हिनाइलला गुळगुळीत क्रोमच आवडतं, घासायची गरज नाही. उद्या विकायची वेळ आली तर सोलून टाका, खाली क्रोम जसंच्या तसं. नाहीतर प्लास्टी डिपसारखं सोलून काढता येणारं रबरी कोटिंग मिळतं, तेही चालेल. फक्त ते पातळ मारलं तर नंतर सोलताना तुकडे तुकडे निघतात, चार-पाच हात जाड मारा.

फोड आलेल्या पट्टीवर मात्र दोन्ही नको. फोड वरून दिसतात.

*

गनवाले_अण्णा · 10 एप्रिल, सकाळी 6:20

मालक, तुमचं तीन ठिकाणी चुकलं. थिनर, उन्हाची वेळ आणि घासलं नाही ते. तिसरं सगळ्यात मोठं. पंचवीस वर्षं गन धरतोय, आधी अक्कलकोट रोडला दुसऱ्याच्या गॅरेजात, आता स्वतःच्या शेडात. महिन्याला एक तरी असा कात टाकलेला तुकडा कोणीतरी पिशवीत घालून आणतोच. लाजू नका.

आधी क्रोम म्हणजे काय ते बघा. आपल्याला जी चमक दिसते ती बहुतेक खालच्या निकेलची असते. वरचं क्रोम अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. डोक्याचा केस 70 मायक्रॉन धरला तर हिशेब करा किती पातळ. पण तेवढं पातळ असूनही ते कडक, गुळगुळीत, आणि हवा लागली की त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा आपोआप धरतो. तो कशाशी चिकटत नाही. म्हणून तर क्रोम काळं पडत नाही आणि म्हणूनच रंगही धरत नाही. मातीच्या भिंतीला शेण लिंपलं तर वर्षभर राहतं, काचेला लिंपून बघा. तुमचा रंग आठ दिवस तिथं नुसता बसला होता, धरला नव्हता.

तेव्हा पहिलं काम, कुठला तुकडा कशाचा आहे ते ओळखा. लोक चुंबक लावून बघतात. चुंबक फसवतो. प्लास्टिकवर जे क्रोम असतं त्याच्याखाली निकेलचा थर असतो आणि निकेलला चुंबक किंचित ओढतो, म्हणजे प्लास्टिकही लोखंड वाटतं. उलट काही स्टेनलेसच्या पट्ट्यांना चुंबक लागतच नाही. तुकडा काढा, उलटा करा, मागची बाजू बघा, नखानं वाजवा. डोळा आणि कान पुरेसे आहेत.

तुमच्याकडं तीन जाती निघतील असा माझा अंदाज. ग्रिल म्हणजे एबीएस प्लास्टिकवर प्लेटिंग, म्हणजे विजेनं चढवलेला धातूचा मुलामा. बंपर म्हणजे लोखंडावर प्लेटिंग. आणि ते चिकटवायचं किट, हँडल, आरसे, कडी, त्यातला स्वस्तातला बराच माल प्लेटिंगच नसतो. प्लास्टिकवर ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते आणि वर पारदर्शक लॅकर. थिनर लावलं की लॅकर मऊ पडतं, चमक फडक्यावर येते. तुमच्या फडक्यावर राखाडी काही आलं होतं का? आणि एनसी थिनर एबीएसला खातं. कड्याच्या भेगा त्याच्याच. ते कडं आता फेका, त्याला काही करू नका.

आता घासणं. 320 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर, नंबर मोठा तेवढा बारीक), बादलीत दोन थेंब भांड्याचा साबण, आणि घासायचं. क्रोम काढायचं नाही, त्याची चमक मारायची. सगळीकडं एकसारखं दुधी, मुकं दिसलं पाहिजे. जिथं चमक राहिली तिथून रंग सुटणार, हे कागदावर लिहून घ्या. कोपरे, ग्रिलच्या जाळीच्या आतल्या कडा, अक्षरांच्या खाचा, तिथं पेपर जात नाही. तिथं स्कॉच-ब्राइटचा लालसर पॅड बोटाला गुंडाळून. त्यानंतर 600 नं एक हलका हात. एका आरशाच्या टोपीला अर्धा तास लागला पाहिजे. पाच मिनिटांत झालं तर झालेलं नाही.

कोरडं घासू नका, ती धूळ नाकात जायच्या लायकीची नाही.

फोड आलेल्या पट्ट्या सांभाळून. प्लास्टिकवरचं क्रोम उचललं की त्याची कड ब्लेडसारखी असते. माझ्या डाव्या अंगठ्यावर खूण आहे. हातमोजे घाला, सुटं झालेलं सगळं खरवडून काढा, आणि कडेचा उंचवटा बोटाला लागेनासा होईपर्यंत 240 नं घासा. डोळे मिटून बोट फिरवायचं. डोळ्याला सपाट दिसतं, बोटाला लागतं.

बंपरचं वेगळं. क्रोमला बारीक भेगा असतात, त्यातून पाणी आत जाऊन खालचं लोखंड गंजतं. ठिपका वरून दिसतो राईएवढा, खाली हरभऱ्याएवढा असतो. तारेच्या ब्रशनं आणि पेपरनं लखलखीत लोखंड दिसेपर्यंत जा, मग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचं अस्तर. रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी पुन्हा तांबडा.

पाण्याचं म्हणाल तर घासायला बोअरचं चालेल. शेवटचं धुणं मात्र फिल्टरच्या पाण्यानं करा. बोअरच्या क्षाराचे पांढरे डाग वाळून बसले की रंगाखाली तेच राहतात. धुताना बघा, पाणी पडद्यासारखं एकसंध पसरलं तर तुकडा स्वच्छ. थेंब थेंब होऊन पळालं तर अजून तेल किंवा पॉलिश आहे, परत साबण. डॅशबोर्डचं चमकवायचं पॉलिश लावलेला हात त्याला लावू नका. सिलिकॉन असतं त्यात, रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. थिनरला हात लावायचा नाही.

प्लास्टिकला आधी प्लास्टिक प्रायमर, म्हणजे ॲडहेजन प्रोमोटर, दोन पातळ हात. दुकानदार सेल्फ-एचिंग, म्हणजे ॲसिडवालं, प्रायमर गळ्यात मारेल. ते उघड्या लोखंडाला, ॲल्युमिनियमला चांगलं, क्रोमला त्यातलं ॲसिड फारसं काही करत नाही. इपॉक्सी प्रायमर मिळालं तर दोन्हीला तेच सरस.

आता ऊन. एप्रिलमध्ये सोलापुरात दुपारी बाराला स्प्रे? पत्रा भाकरीच्या तव्यासारखा झालेला असतो. रंग डब्यातून निघून तुकड्यावर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि वर वाळूसारखा पडतो. पहाटे साडेपाच ते साडेसात ही वेळ. वारा नसतो, तुकडा गार असतो. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, हात चालता ठेवून, पातळ. पहिल्या हातात खालचं दिसलंच पाहिजे. दहा मिनिटं थांबा, दुसरा. परत दहा, तिसरा. आणि डबा गाडीत ठेवून जाऊ नका. 50 अंशांच्या वर नेऊ नका असं त्याच्यावर छापलेलं असतं आणि बंद केबिन उन्हात त्याच्याही पुढं जाते.

दोन भाग मिसळायचा टू-के लॅकर घरी मारू नका. त्यात फुप्फुसाला घातक आयसोसायनेट असतं, कागदाचा मास्क त्याला काही अडवत नाही. साधं मॅट लॅकर डब्यातलं मारा, तेही उघड्यावर, चांगला मास्क लावून.

गिऱ्हाईक आलं. बाकी नंतर.

*

जुळे_सोलापूर · 10 एप्रिल, सकाळी 9:05

अण्णांचं बरोबर आहे, पण मला एक कळेना. जे चिकटवलेलं आहे ते रंगवायचंच कशाला? बॉनेटची पट्टी, हँडलच्या टोप्या, कडी, हे सगळं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर असतं. काढून टाका. खाली कंपनीचं काळं प्लास्टिक नाहीतर गाडीचा रंग आहेच. हेअर ड्रायरनं गरम करा, मागून नायलॉनचा दोरा घालून करवतीसारखा ओढा, निघतं. राहिलेला डिंक रॉकेलच्या फडक्यानं जातो, मग साबणानं धुवा.

निम्मं काम तिथंच संपलं. शिवाय मागे-पुढे काळं करताना लाल, पिवळी, पांढरी रिफ्लेक्टर टेप रंगात झाकू नका म्हणावं. मालाची गाडी आहे, पासिंगला अडवतील, आणि त्याच्या आधी रात्री मोहोळजवळ एखादा ट्रकवाला मागून येऊन अडवेल.

*

टॉवेलवाला_सोलापूर · 10 एप्रिल, रात्री 11:30

अण्णा, फडक्यावर राखाडी आलं होतं! मला वाटलं मळ आहे. खूश झालो होतो, केवढा मळ निघतोय म्हणून.

आज गठ्ठे उतरवून आल्यावर सगळं उलटं करून बघितलं. हँडल आणि आरशाच्या टोप्या त्या वाफवाल्याच, मागून पांढरट प्लास्टिक, वजन पापडाएवढं. ग्रिल मागून काळं, चांगलं जाड. बंपर बडवला तर देवळातल्या घंटेसारखा वाजला.

जुळेसोलापूर दादा, तुमचं वाचून कपाळावर हात मारला. बॉनेटची पट्टी आताच काढली. आधी घरातला सुताचा दोरा घातला, आमच्याकडं त्याला तोटा नाही, तीनदा तुटला. मग पतंगाच्या दिवसातला नायलॉन सापडला कपाटावर, त्यानं दहा मिनिटांत निघाली. खाली पांढरा रंग नवाकोरा, पट्टीच्या आकाराचा. बाकीचं बॉनेट किती पिवळं पडलंय ते आज कळलं.

हँडलच्या टोप्या उद्या. म्हणजे रंगवायला उरलं ग्रिल, आरसे आणि बंपर. आरशांच्या टोप्या काढल्या तर खालच्या आरशाला आधीच्या मालकानं स्क्रू मारून भोकं पाडलीत, म्हणून त्या ठेवाव्या लागणार. वाफवाल्या टोपीला वेगळं काही करायचं का?

*

गनवाले_अण्णा · 11 एप्रिल, सकाळी 6:05

वाफेची असेल तर एका अर्थी सोपं. वरचं लॅकर आणि खालची चमक 400 नं घासून पूर्ण काढून टाका, प्लास्टिकपर्यंत. ती चमक खालच्या प्लास्टिकला फार घट्ट नसते, तिच्यावर विश्वास ठेवून रंग मारू नका. उघडं प्लास्टिक लागलं की प्लास्टिक प्रायमर, मग रंग. तुमची डावी टोपी तर थिनरनं अर्धी निघालेलीच आहे.

ग्रिल गाडीवर ठेवून रंगवू नका. काढा. रेडिएटरच्या जाळीवर काळा धुरळा बसला तर तो कोण पुसणार? क्लिपा काढताना जोर नको, गरम पाण्यात बुडवलेलं फडकं धरा, मऊ होतात.

आणि घर कुठं तुमचं? पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत असाल तर माग चालू असताना रंग मारू नका.

*

टॉवेलवाला_सोलापूर · 21 एप्रिल, रात्री 9:40

अण्णा, तुमचं शेवटचं वाक्य मी नीट वाचलं नाही. तिथंच माती खाल्ली.

काय काय झालं ते सांगतो. ग्रिल काढलं, चार क्लिपांपैकी एक तुटली, बाजारात सहज मिळाली. घासायला तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं झालं, बल्बखाली धरलं तर जाळीच्या प्रत्येक चौकोनाच्या आत एक चमकती रेघ. पोरीला बसवलं पॅड घेऊन, तिची बोटं बारीक. चौकोनाला एक रुपया ठरला. छत्तीस रुपये घेतले तिनं, आणि राहिलेली चमक दाखवणाऱ्याला परत द्यायचे असंही तीच म्हणाली. एकही सापडला नाही.

पाण्याचा पडदा बघायची गंमत वाटली. पहिल्यांदा धुतलं तर थेंब पळाले. दुसऱ्यांदा थोडे. तिसऱ्यांदा पाणी असं पसरलं की काचेवर ओलं मलमल टाकल्यासारखं. अप्पांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, कांजी नीट लागलेल्या सुतावर हात फिरवला की कळतं, तसंच हे. त्यांना आता थोडा रस यायला लागलाय, कबूल करत नाहीत.

बंपरचा गंज खरंच हरभऱ्याएवढा निघाला, दोन ठिकाणी तर बोरासारखा. घासून त्याच दुपारी सावलीत इपॉक्सी प्रायमर मारलं. पहाटे साडेपाचला ग्रिल आणि बंपर, तीन तीन हात. एवढं गुळगुळीत की हात लावायला भीती वाटावी.

पण आरशाच्या टोप्या राहिल्या होत्या. म्हटलं संध्याकाळी गार झाल्यावर मारू. सहाला गच्चीवर बसलो, दोन हात झाले, तिसरा ओला असताना शेजारच्या कारखान्यात लाइट आली आणि चोवीस माग एकदम सुरू झाले. खिडक्या उघड्या. दोन मिनिटांत सगळ्या गच्चीवर सुताची लव. ओल्या काळ्या रंगावर पांढरी लव, म्हणजे काय दिसतं सांगू? टॉवेल. मी आरशाला टॉवेल केला.

चिमट्यानं काढायला गेलो तर रंगात खड्डे. मग गप्प बसलो, पूर्ण वाळू दिलं, दोन दिवसांनी 600 नं लव घासून काढली, आणि सोमवारी पहाटे, कारखान्याला सुट्टी असताना, परत दोन हात मारले. उजवी टोपी फक्कड झाली. डावीच्या खालच्या कोपऱ्यात दोन तंतू राहिलेत, आडवे-उभे, बाण्यावर ताणा असल्यासारखे. ते तसेच ठेवतो.

आठवडा झाला, पाण्याचा फवारा लावलेला नाही, नुसत्या ओल्या फडक्यानं पुसतो. काल नखानं मुद्दाम ओरबाडून बघितलं. नाही निघालं. काल सकाळी हैदराबाद रोडला समोर सूर्य होता आणि बॉनेटकडं बघितलं तर बॉनेट, एवढंच.

आता एक शेवटचं विचारतो. मॅट रंगावर मेण-पॉलिश लावलं तर चालतं का? वॉशिंगवाला पोरगा फार मागं लागलाय.

*

गनवाले_अण्णा · 22 एप्रिल, सकाळी 6:15

नाही. मॅटवर मेण लावलं की जिथं फडकं जास्त फिरलं तिथं चकाकतं, ठिगळासारखं दिसतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बास. तीन आठवडे फवारा नको, नंतरही कडेवर सरळ धार मारू नका, लांबून तिरपी.

लव बसलेल्या टोपीचा फोटो टाका. पंचवीस वर्षांत डास, पिसं, एकदा अख्खी पाल बघितलीय रंगात. टॉवेल अजून बघितला नाही.